डिस्कचा ड्रायव्हर यूजर स्पेसमध्ये बसवताना

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

युनिक्सच्या घराण्यातील प्रणालींवर डिस्कचा ड्रायव्हर, म्हणजे डिस्कशी बोलणारा प्रोग्रॅम, कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) बाहेर, इतर साधे प्रोग्रॅम चालतात त्या यूजर स्पेसमध्ये, कसा चालवता येतो यावरचा लेख आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत वाचला. मराठी दैनिकाने हा विषय हाताळला याबद्दल आधी मनापासून अभिनंदन. लिनक्स वापरणारे मराठी वाचक पुष्कळ असले, तरी त्याच्या पोटात काय चालते यावर मराठीत लिहिलेले क्वचितच वाचायला मिळते. लेखातील मूळ माहिती बरोबर आहे. माझा आक्षेप त्याच्या सुराविषयी आहे. ड्रायव्हर आता इतर कोणत्याही प्रोग्रॅमसारखा झाला, बिघडला तर बंद करून पुन्हा सुरू करावा, मशीनला त्याची झळ लागत नाही, असा समज तो लेख वाचून होतो. हाच समज मनात धरून मी स्वतः एकदा या कामाला हात घातला होता आणि तो चांगलाच पोळला, म्हणून हे पत्र.

ज्यांच्या वाचनातून तो लेख सुटला असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ब्लॉक डिव्हाइस म्हणजे ठरावीक आकाराच्या ठोकळ्यांमध्ये वाचता-लिहिता येणारे साधन. हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्ह ही त्याची रोजच्या पाहण्यातली उदाहरणे. फाइल सिस्टीमला खालच्या थराकडून एवढेच हवे असते, की अमुक जागेपासून इतके बाइट आणून दे, किंवा हे बाइट तिथे नेऊन ठेव. खाली खरीखुरी डिस्कच असली पाहिजे अशी तिची अट नसते. एखादी फाइल डिस्क म्हणून दाखवायची असेल तर लिनक्समध्ये लूप डिव्हाइस तयार आहे, त्यासाठी काही लिहावे लागत नाही. पण ठोकळे कॉम्प्रेस करून ठेवायचे असतील, दूरच्या सर्व्हरवर पाठवायचे असतील, किंवा साठवणुकीची एखादी नवी पद्धत अजमावून पाहायची असेल, तर त्यासाठी कर्नल मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्येच चढवायचा तुकडा, लिहिण्यापेक्षा ते काम बाहेरच्या डीमनकडे, म्हणजे पडद्याआड सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे, सोपवणे शहाणपणाचे ठरते. मॉड्यूलमध्ये एक पॉइंटर, म्हणजे मेमरीतला एक पत्ता, चुकला तर सगळे मशीन आडवे होते. डीमनमध्ये तीच चूक झाली तर तो एकटा मरतो, त्याला डीबगर लावता येतो, हवी ती भाषा आणि हवी ती लायब्ररी वापरता येते. इथवर लेखकाशी माझे पूर्ण एकमत आहे.

कल्पना जुनी आहे. लिनक्समधील नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस, अर्थात एनबीडी, पावेल माखेक यांनी १९९७ साली लिहिले आणि ते आजही वापरात आहे. त्याचा साधेपणा जवळून पाहण्यासारखा आहे. कर्नलला एखादा ठोकळा हवा असला की ते सॉकेटवर, म्हणजे सर्व्हरशी असलेल्या जोडणीवर, फक्त २८ बाइट पाठवते: पहिले ४ बाइट ओळखखुणेचे, पुढचे २ फ्लॅगचे, म्हणजे हो-नाही खुणांचे, २ कामाच्या प्रकाराचे, मग त्या मागणीचा ८ बाइटांचा बिल्ला, ८ बाइटांत जागा आणि शेवटच्या ४ बाइटांत लांबी. कामाचा प्रकार ० असेल तर वाचन, १ असेल तर लेखन, २ म्हणजे संबंध तोडणे, ३ म्हणजे फ्लश, अर्थात लिहिलेले पक्के करण्याची बजावणी. उत्तर याहून लहान, १६ बाइटांचे असते: ओळखखूण, चूक असल्यास तिचा क्रमांक आणि तोच बिल्ला. वाचन असेल तर त्यामागोमाग डेटा येतो. बिल्ला असल्यामुळे उत्तरे मागण्यांच्या क्रमाने द्यावी लागत नाहीत, ज्याचे काम आधी उरकले त्याला आधी मोकळे करता येते. एवढ्या भांडवलावर दुपारभरात चालता सर्व्हर लिहिता येतो, आणि तेही नको असेल तर एनबीडीकिटसारख्या तयार सर्व्हरला स्वतःचा छोटा प्लगइन जोडला तरी भागते.

२०२२ मध्ये लिनक्स ६.० बरोबर मिंग लेइ यांचा यूबीएलके आला आणि सॉकेटची मध्यस्थी संपली. यात कर्नलमधील छोटा ड्रायव्हर आणि बाहेरचा डीमन यांच्यातली देवघेव आयओ-यूरिंग या, मागण्या आणि निकाल सामाईक रांगांतून देण्याघेण्याच्या, लिनक्सच्या यंत्रणेतून होते. नियंत्रणाची एक डिव्हाइस फाइल असते. तिच्यामार्फत नवे डिव्हाइस मागितले की एक कॅरेक्टर डिव्हाइस (ठोकळ्यांच्या कॅशशिवाय थेट बोलता येणारे साधन) जन्माला येते आणि डीमन त्याच्याशी बोलतो. डिव्हाइसचे गुणधर्म कळवून शेवटी 'सुरू करा' असा आदेश दिला, की जगाला दिसणारे ब्लॉक डिव्हाइस प्रकट होते. प्रत्येक मागणीचा तपशील २४ बाइटांच्या एका नोंदीत असतो. ही नोंद कर्नल आणि डीमन या दोघांच्या सामाईक मेमरीत असल्याने ती कुठून कुठे पाठवावी लागत नाही. झालेल्या कामाचा निकाल कळवणे आणि पुढचे काम मागणे या दोन्ही गोष्टी एकाच आदेशात होतात, त्यामुळे कर्नलच्या दारात जाण्याच्या फेऱ्या निम्म्याने वाचतात. जाता जाता नवशिक्यांसाठी एक खाचखळगा सांगून ठेवतो. एनबीडीमध्ये जागा बाइटांत मोजतात आणि यूबीएलकेच्या नोंदीत ती ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये असते, मग डिव्हाइसचा ठोकळा ४०९६ बाइटांचा जाहीर केलेला असला तरीही. सेक्टर क्रमांकाला ४०९६ ने गुणणारा प्रोग्रॅम पहिल्या ठोकळ्यापुरता अगदी बरोबर चालतो, कारण शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच येते.

लेखात दिलेल्या पायऱ्या इथेच संपतात: मॉड्यूल चढवा, डिव्हाइस मागा, गुणधर्म भरा, सुरू करा, त्यावर फाइल सिस्टीम बनवा आणि माउंट करा. खरे काम याच्यापुढे सुरू होते.

पहिला धडा मला 'सुरू करा' या आदेशानेच शिकवला. माझा पहिला डीमन एका थ्रेडचा, म्हणजे एका वेळी एकच काम करणारा, होता. तो सगळी तयारी करून सुरू करण्याचा आदेश देई आणि उत्तराची वाट पाहत बसे. उत्तर कधी आलेच नाही. दोन संध्याकाळी मी गुणधर्मांचे आकडे बदलून पाहिले, कर्नल बदलून पाहिले, आणि शेवटी चूक सापडली ती कागदावर क्रम मांडल्यावर. डिव्हाइस प्रकट होताच कर्नल त्यावर पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कच्या विभागांची यादी, आहे का ते पाहायला पहिला ठोकळा मागते. ही मागणी येते ती अर्थात माझ्याच डीमनकडे. डीमन मात्र 'सुरू झाले' हे उत्तर ऐकायला कान लावून बसलेला, आणि ते उत्तर पार्टिशनचा तपास उरकल्याशिवाय येणार नाही. मागण्या हाताळणारे थ्रेड वेगळे काढले आणि सुरू करण्याचा आदेश दुसऱ्या थ्रेडकडे दिला, तेव्हा कुठे डिव्हाइस उभे राहिले. नोंदी छापून पाहिल्या तर पहिलीच ओळ सेक्टर ० पासून ८ सेक्टर वाचण्याची होती. त्यानंतर यूडेव्हने, म्हणजे नव्या साधनांची ओळख पटवणाऱ्या प्रोग्रॅमने, डिस्कच्या अगदी शेवटच्या टोकाकडचेही काही ठोकळे मागून घेतले, कारण काही प्रकारच्या खुणा डिस्कच्या शेपटाला लिहिलेल्या असतात. आपण अजून माउंटही केलेले नसताना आपला ड्रायव्हर कामाला जुंपला गेलेला असतो, हे तेव्हा लक्षात आले.

दुसरा धडा महाग होता आणि त्याच्यासाठीच मी हे पत्र मुख्यतः लिहीत आहे. माझा डीमन ठोकळे कॉम्प्रेस करून त्याच मशीनवरच्या एका साध्या फाइलीत ठेवत असे. चाचणीसाठी २ जीबी मेमरीचे व्हर्च्युअल मशीन घेतले, नव्या डिव्हाइसवर ईएक्सटी४ फाइल सिस्टीम बनवली आणि तिच्यात ६ जीबीची एक फाइल कॉपी करायला लावली. सुरुवातीचा वेग पाहून मी खूश झालो. थोड्या वेळाने कॉपी थांबली. मग टर्मिनल थांबले. कशीबशी प्रोसेसची यादी काढली तर कॉपीची कमांड आणि माझा डीमन हे दोघेही 'डी' अवस्थेत, म्हणजे कोणत्याही सिग्नलला न जुमानणाऱ्या झोपेत गेलेले. 'किल' कमांडचाही उपयोग नाही. काही वेळाने लॉगमध्ये, अमुक प्रोसेस १२० सेकंदांहून अधिक काळ अडकली आहे, या अर्थाच्या ओळी एकामागून एक येऊ लागल्या. कर्नल कोसळले नव्हते. ते जिवंत होते, पण त्याच्याकडून कोणतेही काम होत नव्हते.

झाले होते ते असे. आपण फाइलीत लिहितो तेव्हा डेटा लगेच डिस्कवर जात नाही. तो मेमरीतल्या पानांवर राहतो आणि कर्नल सवडीने ती पाने डिस्कवर उतरवते. अशी न उतरवलेली पाने फार साठू नयेत म्हणून एक मर्यादा असते. लिनक्समध्ये ती सुरुवातीपासून वापरण्याजोग्या मेमरीच्या २० टक्के इतकी ठरवलेली असते. मर्यादा गाठली की लिहिणाऱ्या प्रत्येक प्रोसेसला कर्नल थोपवून धरते आणि साठलेली पाने उतरण्याची वाट पाहायला लावते. सुरुवातीच्या वेगाचे रहस्य हेच होते, की तोवर सगळे मेमरीतच जात होते. मर्यादा भरली तेव्हा साठलेली जवळपास सगळी पाने माझ्या डिव्हाइसची होती, आणि ती उतरवणारा या जगात एकच, माझा डीमन. पण उतरवायचे म्हणजे त्यालाही त्याच्या फाइलीत लिहायला हवे. तो लिहायला गेला आणि कर्नलच्या दृष्टीने तो लिहिणाऱ्यांपैकीच आणखी एक ठरला. त्यालाही रांगेत उभे करण्यात आले. शिवाय ठोकळा कॉम्प्रेस करायला त्याला थोडी मेमरी हवी होती. मेमरी संपत आलेली असताना ती मागितली, तर कर्नल आधी जुनी पाने मोकळी करायला निघते आणि त्यात ते त्याच डिव्हाइसवरचे लेखन पुरे होण्यावर अडून राहू शकते. पेटीची किल्ली पेटीतच राहून कुलूप लागावे, तशी ही गत होती.

कर्नलमधल्या ड्रायव्हरला हा पेच पडत नाही असे नाही. त्याच्यासाठी नियमच असा आहे, की डिस्कच्या मागणीवर काम करताना मेमरी मागायची तर डिस्कवर लिहायला लावणार नाही अशा बोलीवर मागायची, आणि अडीअडचणीसाठी थोडा साठा आधीच राखून ठेवायचा. कर्नलमध्ये ड्रायव्हर लिहिणारा हे पहिल्या दिवशी शिकतो. बाहेरच्या प्रोग्रॅमला मात्र आपण डिस्कच्या वाटेवर उभे आहोत हे कर्नलला स्वतःहून सांगावे लागते, आणि तसे सांगण्याची सोय लिनक्स ५.६ मध्ये, म्हणजे २०२० साली झाली. पीआरसीटीएल या सिस्टीम कॉलला 'आयओ फ्लशर' नावाची सूचना देता येते. ती दिली की त्या थ्रेडसाठी मेमरी शोधताना कर्नल नवे लेखन सुरू करत नाही, आणि त्याला सरसकट सगळ्यांच्या रांगेत अडकवतही नाही. थ्रेडने आपल्यापुरती दिलेली ही सूचना त्याच्यापासून पुढे जन्मणाऱ्यांना वारसाने मिळते, म्हणून ती मागण्या हाताळणारे थ्रेड उघडण्याआधीच द्यावी. त्यासाठी विशेष अधिकार लागतो, हेही ध्यानात असावे, नाहीतर सूचना नाकारली जाते आणि निकाल न तपासणाऱ्या प्रोग्रॅमला ते कळतही नाही.

याच्या जोडीला आणखी तीन गोष्टी मी आता डोळे मिटून करतो. डीमनची सगळी पाने एमलॉकऑलने मेमरीत जखडून ठेवतो, कारण त्याचे एखादे पान स्वॅपमध्ये गेले आणि ते परत आणताना मेमरीच नसली तर पुन्हा तोच पेच. लागणारे सगळे बफर सुरुवातीलाच घेऊन ठेवतो. आणि मेमरी संपल्यावर कोणाचा बळी द्यायचा हे कर्नल ठरवते, त्या यादीतून डीमनला उणे १००० गुण देऊन वगळतो. खालच्या फाइलीत थेट, पेज कॅशला, म्हणजे मेमरीतल्या त्या पानांच्या साठ्याला, वळसा घालून लिहिले तर एकच डेटा मेमरीत दोनदा साठण्याचे टळते, हा वेगळा लाभ. एवढे करूनही अशा डिव्हाइसवर स्वॅप ठेवण्याच्या भानगडीत मी पडणार नाही. क्लायंट आणि सर्व्हर एकाच मशीनवर ठेवून एनबीडी वापरणाऱ्यांनाही हाच धोका आहे. सर्व्हर दुसऱ्या मशीनवर असला की तो बराच कमी होतो, कारण तिथली मेमरी वेगळी असते.

तिसरी गोष्ट फ्लशची, आणि माझ्या मते लेखातली सर्वांत गंभीर उणीव हीच आहे, कारण मशीन अडकले तर निदान कळते तरी. इथे काहीच कळत नाही. फाइल सिस्टीम आपले जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, लिहिते तेव्हा ठरावीक क्षणी खालच्या डिस्कला बजावते, की आतापर्यंत दिलेले सगळे पक्के झाल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. ही बजावणी म्हणजे फ्लश. पण ती सगळ्याच डिव्हाइसना पाठवली जात नाही. डिव्हाइसने 'माझ्याकडे वीज गेल्यावर पुसला जाणारा कॅश आहे' असे जाहीर केले असेल तरच ती पाठवली जाते. तसे जाहीर केले नाही, तर कर्नल समजते की दिलेला ठोकळा पोहोचला म्हणजे तो पक्काच झाला, आणि फ्लश मधल्यामध्ये गिळून टाकते. यूबीएलकेच्या गुणधर्मांत यासाठी वेगळा फ्लॅग आहे, एनबीडीत जोडणीच्या वेळी सर्व्हरला फ्लशची तयारी कळवावी लागते. आपला डीमन साध्या फाइलीत साध्या पद्धतीने लिहीत असेल, तर त्याच्याकडे कॅश आहेच. तो म्हणजे पेज कॅश. मी तो फ्लॅग लावायला विसरलो होतो. चाचणीत एक फाइल लिहिली, एफसिंक केले, म्हणजे ती डिस्कवर पक्की करायला सांगितले, यश मिळाल्याचे उत्तर आले, आणि त्याच क्षणी व्हर्च्युअल मशीनची वीज तोडल्यासारखे ते बंद केले. पुन्हा सुरू केल्यावर फाइलीचे नाव जागेवर होते, आत काहीच नव्हते. कोणत्याही लॉगमध्ये चुकीची एकही ओळ नव्हती, कारण प्रत्येकाने आपापल्या समजुतीप्रमाणे काम चोख केले होते. तेव्हा फ्लॅग लावावा, फ्लशची मागणी आली की खालच्या फाइलीवर एफडेटासिंक (एफसिंकचाच हलका प्रकार) करावे, आणि ते पूर्ण झाल्यावरच उत्तर द्यावे. आधी उत्तर देऊन मागून सिंक करणारे डीमनही मी पाहिले आहेत. त्यांचा वेग मोजताना आकडे फार देखणे येतात.

मशीन बंद करण्याच्या क्रमाविषयी लेखात एकही ओळ नाही. इतर प्रोग्रॅम कोणत्या क्रमाने बंद झाले याने सहसा फरक पडत नाही, पण इथे डीमन आधी गेला आणि फाइल सिस्टीम मागे राहिली, तर मेमरीतली शेवटची पाने उतरवायला कोणी नसते. सिस्टीमडी, म्हणजे बाकीचे प्रोग्रॅम सुरू आणि बंद करणारा व्यवस्थापक, असलेल्या मशीनवर एफएसस्टॅब या माउंटच्या यादीच्या फाइलीतील संबंधित ओळीत 'एक्स-सिस्टीमडी रिक्वायर्स' या पर्यायाने डीमनच्या युनिटचे, म्हणजे सिस्टीमडीकडील त्याच्या नोंदीचे, नाव द्यावे. मग सुरू होताना डीमन आधी आणि बंद होताना अनमाउंट आधी असा क्रम आपोआप लागतो. मूळ फाइल सिस्टीमच अशा डिव्हाइसवर असेल तर ती शेवटपर्यंत माउंट राहते, आणि बंद होण्याच्या अखेरच्या टप्प्यात सिस्टीमडी उरलेल्या सगळ्या प्रोसेसना सरसकट मारते. त्यातून सुटण्यासाठी एक गमतीदार संकेत आहे: रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या प्रोसेसच्या नावाचे पहिले अक्षर 'अ‍ॅट'चे चिन्ह असेल तर तिला हात लावला जात नाही. २०२३ अखेरच्या २५५ व्या आवृत्तीपासून युनिटच्या फाइलीत लिहिता येईल असा रीतसर पर्यायही आला आहे, पण जुन्या मशीनवर ते चिन्हच कपाळाला लावावे लागते.

हे प्रश्न हौशी लोकांपुरते आहेत असे कोणी समजू नये. अँड्रॉइड १२ पासून प्रणालीचे अपडेट कॉम्प्रेस करून ठेवण्याची जी सोय आहे, तीत डीएम-यूजर नावाचा कर्नलमधला भाग आणि स्नॅपयूजरडी नावाचा डीमन मिळून सिस्टीमची पार्टिशने वाचून देतात. म्हणजे डीमन ज्या पार्टिशनवरून चालायचा तेच पार्टिशन तो स्वतः पुरवत असतो. बूट होताना एक क्षण असा येतो, की जुना स्नॅपयूजरडी थांबवून नवा उभा करायचा असतो. त्या क्षणी इनिटने, म्हणजे बूट होताना सर्वांत आधी सुरू होणाऱ्या प्रोसेसने, डिस्कवरून एखादे पान वाचायला घेतले तर उत्तर द्यायला कोणीच नसेल, म्हणून लागणारी पाने आधीच मेमरीत जखडून मगच ही अदलाबदल केली जाते. माझ्या व्हर्च्युअल मशीनला जो पेच पडला, त्याचाच हा सख्खा भाऊ.

डीमन मेला तर काय, याचे उत्तर 'पुन्हा सुरू करा' एवढे सोपे नाही. यूबीएलकेमध्ये वेगळे काही सांगितले नसेल तर डीमन गेल्याबरोबर हातातल्या मागण्या चूक म्हणून परत जातात आणि डिव्हाइसच निघून जाते. वरची एक्सएफएससारखी फाइल सिस्टीम तिथेच स्वतःला बंद करून घेते. पुनर्प्राप्तीचा फ्लॅग लावून डिव्हाइस मागितले असेल तर ते शांत अवस्थेत थांबते आणि नवा डीमन येऊन ते ताब्यात घेतो. मधल्या मागण्या पुन्हा पाठवाव्यात असाही एक फ्लॅग आहे, पण तो लावला तर काही लेखन दोनदा होऊ शकते. त्याच जागी तोच डेटा पुन्हा लिहिणाऱ्या साध्या डीमनला हे चालते, प्रत्येक लेखन नव्या जागी जोडत जाणाऱ्याला चालेलच असे नाही. युनिक्स घराण्यातील फ्रीबीएसडी या प्रणालीच्या जीईओएम गेटमध्ये, म्हणजे बाहेरच्या प्रोसेसकडून डिस्क चालवून घेणाऱ्या तिथल्या यंत्रणेत, हीच सोय बरीच आधीपासून आहे. जीगेटएल किंवा जीगेटसी ही प्रोसेस मेली तर त्याच कमांडला 'रेस्क्यू' हा शब्द देऊन तीच फाइल दाखवायची, की नवी प्रोसेस थांबलेल्या मागण्यांसकट डिव्हाइस सांभाळते. मात्र मागणीला ३० सेकंदांत उत्तर मिळाले नाही तर ती रद्द करण्याची तिथली मूळ मुदत आहे, तेव्हा रेस्क्यू करणारी स्क्रिप्ट त्याच्या आत जागी व्हायला हवी. (फ्रीबीएसडीने कर्नलच्या कॅशवाली वेगळी ब्लॉक डिव्हाइसे केव्हाच मोडीत काढली, तिथे डिस्कसुद्धा कॅरेक्टर डिव्हाइस म्हणूनच दिसते. शीर्षकात ब्लॉक डिव्हाइस लिहून उदाहरण फ्रीबीएसडीचे देणाऱ्या लेखकाने ही नोंद करायला हवी होती.)

सुरक्षेबाबत लेखकाने दिलेला दिलासाही थोडा आवरता घ्यायला हवा. यूबीएलकेमध्ये साध्या वापरकर्त्यालाही डिव्हाइस बनवू देण्याची सोय आहे, पण बनवणे वेगळे आणि माउंट करणे वेगळे. माउंट केले की कर्नलमधली फाइल सिस्टीम त्या डीमनने दिलेले बाइट खरे मानून वाचू लागते. आत्ता एक आणि क्षणभराने त्याच जागी दुसरेच काही देणारी डिस्क फाइल सिस्टीम लिहिणाऱ्यांनी सहसा गृहीत धरलेली नसते. म्हणून माउंटचा अधिकार रूटकडेच ठेवलेला आहे आणि तो सैल करण्याचे आडमार्ग वाचकांना सुचवू नयेत.

वेगाविषयी लेखात तक्ता होता, त्यावर फार लिहीत नाही. एनबीडीपेक्षा यूबीएलके वेगवान, हे खरे. डेटा डीमनच्या बफरमध्ये कॉपी न करता पुढे धाडण्याची सोय लिनक्स ६.१५ मध्ये, २०२५ साली आली, हेही तक्त्यात यायला हवे होते. पण ठोकळे कॉम्प्रेस करणाऱ्या किंवा नेटवर्कवर पाठवणाऱ्या डीमनचा बहुतेक वेळ त्याच कामात जातो, मधल्या देवघेवीत नाही, तेव्हा केवळ तक्ता पाहून एनबीडीला निकालात काढू नये. दुसऱ्या मशीनवरची डिस्क हवी असेल आणि तयार सर्व्हर चालणार असेल तर मी आजही एनबीडीच निवडतो.

आपणास विनंती एवढीच, की या लेखाचा पुढचा भाग छापणार असाल तर लेखकांनी त्यात आयओ फ्लशरची सूचना, फ्लशचा फ्लॅग आणि एफएसस्टॅबची ती ओळ या तीन गोष्टींचा समावेश करावा, आणि उदाहरणाच्या प्रोग्रॅममध्ये सुरू करण्याचा आदेश वेगळ्या थ्रेडवर न्यावा. छापलेला प्रोग्रॅम मी जसाच्या तसा चालवून पाहिला. त्यात एकच थ्रेड आहे आणि तो माझ्या पहिल्या डीमनसारखाच सुरू होण्याची वाट पाहत थांबून राहतो.

कळावे,
आपला एक नियमित वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)